रात्री कितीदा?

नोव्हेंबर संपत आला की आमच्या सावंतवाडीकडचे ख्रिस्ती लोक जुन्या गोव्याला चालत निघतात. ३ डिसेंबरला सेंट फ्रान्सिस झेवियरचं, म्हणजे आमच्या सायबाचं फेस्त. बांदा, पत्रादेवी, कोलवाळ, म्हापसा, पणजी असं करत ६५-७० किलोमीटर. माझा शेजारी आषाढात पंढरपूरला जातो. तो याला "तुमची वारी" म्हणतो, आणि मला ते फार आवडतं.

गेल्या वर्षी मी पप्पांसाठी चाललो. अर्धांगवायूनं आठ महिने अंथरुणाला खिळून ते फेब्रुवारीत गेले. निघताना चर्चच्या आवारात एकानं माझे दोन्ही हात धरले, "बापाची सेवा करावी तर तुझ्यासारखी," म्हणाला. माझे डोळे भरून आले.

पहिला दिवस तेर्स, म्हणजे माळेवरची प्रार्थना, म्हणण्यात सरला. दुसऱ्या दिवशी कोलवाळच्या पुलाअलीकडे एक आजी माझ्या पावलाला पाऊल लावून चालू लागली. पायांत साध्या रबरी चपला, हातात तेर्साची माळ. तिनं नवऱ्याचं अंथरूण चार वर्षं काढलेलं. पप्पांचं ऐकून तिनं विचारलं, "पाठीक जखमा नाय ना झाल्या?"

"नाही, एकही नाही," मी म्हटलं.

"मग रात्री कितीदा कूस बदलूक लागायची रे?"

मला उत्तर येईना. तिनं सहज विचारलं होतं. ज्यानं केलंय त्याला झोपेतही सांगता येईल असं. मी काहीतरी पुटपुटलो. ती समजली की नाही कोण जाणे, पुढची 'नमो मारिया' म्हणू लागली.

पप्पा थोरल्या भावाकडे होते. मी औषधांचे पैसे द्यायचो आणि रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे उपासना, झाली की जाऊन त्यांची दाढी करायचो. भेटायला येणारेही रविवारीच यायचे. त्यांना दिसायचो मी, हातात वस्तरा घेतलेला. वहिनी आत चहा ठेवत असायची. मी खोटं एकदाही बोललो नाही. कुणी कौतुक केलं की फक्त गप्प राहायचो, आणि गप्प राहता राहता ते माझंच मला खरं वाटू लागलं. इतकं, की त्या सेवेच्या नावानं मी नवस फेडायला निघालो होतो. आपल्यात पाप नाही म्हणणारा स्वतःलाच फसवतो, असं योहानाच्या पहिल्या पत्रात आहे. तो उतारा मी स्वतः चर्चमध्ये वाचलेला आहे.

पुलावर मी मागे राहिलो. सायबाचीच गोष्ट आठवत होती. पॅरिसमध्ये शिकताना त्याला नाव कमवायचं होतं. पुढे जेझुइट संघ स्थापणारा इग्नेशियस लोयोला त्याच्याच खोलीत राहायचा. सगळं जग मिळवून जीव गमावलास तर काय उपयोग, हे ख्रिस्ताचं वाक्य तो त्याला पुन्हा पुन्हा ऐकवायचा, असं सांगतात. झेवियरनं बराच काळ दाद दिली नाही. शेवटी १५ ऑगस्ट १५३४ ला पॅरिसमधल्याच मोंमार्त्र टेकडीवर त्यानं इग्नेशियसबरोबर व्रत घेतलं. याच इग्नेशियसनं रोज आत्मपरीक्षण करायला शिकवलं. मीही ते रोज रात्री करायचो. रागावलो, प्रार्थना चुकवली, असलं सगळं त्यात यायचं. वहिनी कधीच आली नव्हती.

तिसऱ्या दिवशी रायबंदरच्या बांधावरून जाताना तळपायाचा फोड फुटला. दुखणं बरंच वाटलं, डोकं तिकडे गुंतून राहिलं.

जुन्या गोव्यात सायबाच्या बॉम जेझू चर्चच्या आवारात फादर पापनिवेदन ऐकायला बसले होते. रांगेत तासभर गेला. मी सांगितलं ते जेमतेम चार वाक्यांचं होतं, तरी घसा दोनदा बसला. फादरनी एवढंच विचारलं, "हे वहिनींना सांगितलंत का?"

परतल्यावर दुसऱ्याच दिवशी गेलो. ती विळीवर नारळ खवत होती. मी तिला सगळं सांगितलं, लोक काय म्हणायचे आणि मी कसा ऐकून घ्यायचो ते. ती खाली बघून खवत राहिली. मग मी विचारलं, "वहिनी, रात्री कितीदा उठायचीस गं?"

तिचा हात थांबला. "दर दोन तासांनी. बाराचा, दोनचा, चारचा गजर लावायचे."

मग ती बोलतच राहिली. चादर कशी ओढायची, एकटीनं वळवताना कमरेत कशी कळ यायची, एका रात्री पप्पांनी तिचा हात कसा झिडकारला आणि मग स्वतःच कसे रडले. नारळाची वाटी तशीच हातात होती. म्हणाली, चारच्या गजराला ते जागेच असायचे. जड जिभेनं म्हणायचे, "तू नीज गो, माझी कूस आता सकाळी बदल."