शेवटचं व्हाउचर दिसतंय का?

"स्नॅपशॉट चालू आहे ना? मग बॅकअपचे वेगळे पैसे कशाला?" नवीन गिऱ्हाईक हे विचारतंच. मी पुण्यात छोट्या व्यवसायांचे सर्व्हर सांभाळतो. एक पतसंस्था, दोन-तीन डिस्ट्रिब्युटर, एक पॅथॉलॉजी लॅब. प्रश्न रास्त आहे, कारण पैसे त्यांच्या खिशातून जातात.

स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणी डिस्क जशी आहे तशी तिची नक्कल, मलाही आवडतो. ॲमेझॉनच्या क्लाउडवर डिस्कचा पहिला स्नॅपशॉट पूर्ण असतो, पुढच्यांत फक्त बदललेले ब्लॉक, म्हणजे डिस्कचे छोटे तुकडे, जातात, त्यामुळे बिल फार फुगत नाही. अपग्रेडच्या आधी तो घ्यायलाच हवा. पण चालू डेटाबेसचा स्नॅपशॉट म्हणजे अचानक वीज गेल्यावर डिस्क जशी राहील तशी. पोस्टग्रेससारखा डेटाबेस त्यातून सावरतो. साध्या फाइलींत डेटा ठेवणारं जुनं बिलिंग सॉफ्टवेअर सावरेलच असं नाही.

खरी गोम वेगळीच आहे. सर्व्हर आणि स्नॅपशॉट एकाच खात्यात, एकाच पासवर्डमागे. जून २०१४ मध्ये कोड स्पेसेस ही प्रोग्रामरांचा कोड सांभाळणारी कंपनी याच पायी बंद पडली. हल्लेखोर त्यांच्या ॲमेझॉन पॅनेलमध्ये शिरला, पैसे मागितले. यांनी पासवर्ड बदलायला घेतले, तर त्याने आधीच जादा लॉगिन करून ठेवलेली. मग डिस्क, स्नॅपशॉट, बॅकअप, हाताला लागेल ते पुसत सुटला. अर्ध्या दिवसात खेळ खलास. म्हणून मी दुसरी प्रत वेगळ्या खात्यात ठेवतो आणि सर्व्हरवरच्या चावीला, म्हणजे त्याच्या लॉगिनला, तिथे फक्त लिहायची परवानगी देतो, पुसायची नाही. सर्व्हर ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये, म्हणजे तिथल्या डेटा सेंटरांत, असेल तर प्रत हैदराबादला.

आणि गिटलॅब, तीही कोड सांभाळणारीच कंपनी! ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्या इंजिनिअरने चुकून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी उडवली. बॅकअप शोधायला गेले तर ते साठवायची क्लाउडवरची जागा, बकेट, रिकामी. डेटाबेस पोस्टग्रेस ९.६ चा आणि डंप (डेटाबेसची फाइलीत उतरवलेली प्रत) घेणारी कमांड चालत होती ९.२ ची, म्हणजे रोज फेल. फेल झाल्याच्या मेल जात होत्या, पण मेल खरी कुणाची हे पटवणारी डीएमएआरसीची सही नसल्याने समोरचा मेल सर्व्हर त्या नाकारत होता. मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडचे डिस्क स्नॅपशॉट डेटाबेस सर्व्हरना लावलेलेच नव्हते. वाचवलं कशाने? सुमारे सहा तास आधी कुणीतरी स्टेजिंगच्या, म्हणजे चाचणी सर्व्हरच्या, कामासाठी हाताने घेतलेल्या एलव्हीएम (लिनक्समधली डिस्क सांभाळणारी सोय) स्नॅपशॉटने. निव्वळ नशीब. हे सगळं त्यांनी स्वतःच जाहीर लिहिलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. आपल्याकडे "तांत्रिक अडचण" म्हणून विषय मिटला असता.

तेव्हा "बॅकअप सक्सेसफुल" अशा मेलवर मी भरवसा ठेवत नाही. महिनाअखेरीचे हिशेब झाले की दुसऱ्या प्रतीवरून एक तात्पुरता सर्व्हर उभा करतो आणि पतसंस्थेच्या अकाउंटंट मॅडमना लॉगिन देतो. "मॅडम, शेवटचं व्हाउचर दिसतंय का?" त्या नंबर जुळवतात, एखादं कर्जखातं उघडून बघतात. सुरुवातीला त्या हमखास कुरकुरतात, "फार स्लो आहे हो." बरोबर आहे, स्नॅपशॉटवरून केलेल्या डिस्कचा प्रत्येक ब्लॉक पहिल्यांदा वाचताना मागून आणला जातो. पैसे भरून ते टाळता येतं, पण चाचणीत मी मुद्दाम टाळत नाही, कारण मला खरा वेळ मोजायचा असतो. मॅडमनी "जुळलं" म्हटलं की तो वेळ मॅनेजरसाहेबांना व्हॉट्सॲपवर पाठवतो: सर्व्हर गेला तर काउंटर एवढा वेळ बंद राहील, चालेल का? पहिल्या वेळी त्यांचा लगेच फोन आला. दुसऱ्या खात्याच्या खर्चावर त्यांनी त्यानंतर घासाघीस केलेली नाही.