एमएसडब्ल्यू करायचंय, पण कुठून?

मी हॉस्पिटलात सोशल वर्कर. आज ओपीडी संपत आली तशी भाची केबिनमध्ये येऊन बसली. तिला एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली मास्टर्स डिग्री करायचीय. "मावशी, एमएसडब्ल्यू इथे करू की अमेरिकेत?"

समोर एका पेशंटचा मुलगा उभा. हातात पिवळं रेशनकार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. धर्मादाय हॉस्पिटलांत निर्धनांसाठी १० टक्के खाटा असतात, त्याचे कागद. म्हटलं, आधी हे बघ, मग बोलू. दाखल्यावर बापाचं नाव 'दत्तू', आधारवर 'दत्तात्रय'. अर्धा तास त्यातच गेला.

मग बोललो. आपल्याकडे डिग्री झाली की काम सुरू; डॉक्टर-नर्ससारखी सगळ्या सोशल वर्करांना लागू अशी देशपातळीवर कौन्सिलची नोंदणी नाही, सरसकट परवाना नाही; मेडिकल आणि सायकियाट्रिक सोशल वर्कर मात्र २०२१च्या कायद्यात आलेत. (असायला हवा, असं माझं ठाम मत. सगळ्या सहकाऱ्यांना पटत नाही.) अमेरिकेत कोर्सला सीएसडब्ल्यूईची (तिथली सोशल वर्कच्या कोर्सेसना मान्यता देणारी संस्था) मान्यता आहे का ते आधी बघायचं, रँकिंग नंतर. फील्डवर्क, म्हणजे शिकतानाच संस्थांमध्ये प्रत्यक्ष काम, किमान ९०० तास. पुढे परीक्षा, आणि लायसन्स ज्या त्या राज्याचं. स्वतंत्रपणे थेरपी करायची तर बहुतेक राज्यांत आणखी दोनेक वर्षं सुपरव्हिजनखाली काम. इथली डिग्री घेऊन गेलीस तर तिचं मूल्यमापन वेगळं. फीबद्दल मी बोललेच नाही, ते तिच्या बाबांचं खातं.

"तू कसं निवडलंस?" तिने विचारलं. मी फील्डवर्क कुठे देतात ते बघून कॉलेज निवडलं होतं. आजही तेच सांगेन.

बाईसाहेब जाताना सीयूईटी-पीजीच्या (इथल्या मास्टर्सच्या प्रवेशपरीक्षेच्या) तारखा शोधत होत्या. आता रात्री ताईचा फोन येणार, "तू तिला काय सांगितलंस?"