आमची वाटचाल : आधीच्या मालकाने ओढलेल्या लाइनी

भोसरी एमआयडीसीत आमचं वर्कशॉप उभं राहिलं ते ट्रक-बसच्या एअर ब्रेकवर. बस चॅसीवरच्या कॅरव्हॅन आणि व्हॅनिटी नंतर आल्या. आज लोक आम्हाला ओळखतात ते एका कामासाठी: सेकंडहँड गाडीत आधीच्या मालकाने हवा कुठून उचलून कुठे नेली, ते शोधून देणं.

मधे धंदा बसायची वेळ आली होती. जवळच्याच एका बॉडीवाल्याने आमच्या निम्म्या दरात हॉर्न, हवेची पायरी, हवेची सीट बसवून द्यायला सुरुवात केली. करायचा काय, तर मागच्या ब्रेकच्या हवेच्या टाकीवर टी (तीन तोंडांचा जोड) मारायची आणि कारखान्यातल्या मशीनचा निळा पॉलियुरेथेन पाइप ओढायचा. वर सांगत फिरायचा की आम्ही लुटतो. गिऱ्हाईक तुटलं, भाडं थकलं, चांगले फिटर गेले. त्याच गाड्या पुढे ‘रात्री उभी केली की सकाळी हवा नाही’ म्हणत आमच्या दारात आल्या. त्याचा राग अजून गेलेला नाही.

त्या काळात शूटिंगला व्हॅनिटी पुरवणाऱ्या एका शेठनी एकही गाडी दुसरीकडे नेली नाही. प्रत्येक लाइनचा नकाशा काढून दाराच्या आत चिकटवायचा आग्रह त्यांचाच. आम्ही तो आजही पाळतो.

मुद्दा साधा आहे. चार सर्किट प्रोटेक्शन व्हॉल्व्ह हवा चार वेगळ्या वाटांत वाटतो. त्याच्या तोंडांवरच्या आकड्यांपैकी २१ आणि २२ हे ब्रेकचे, २३ हँडब्रेकचा, २४ बाकीच्या चैनीचा. २४ वरची नळी फुटली तर व्हॉल्व्ह ती बाजू तोडतो, ब्रेक शाबूत राहतात. ब्रेकच्याच टाकीवर टी असेल, तर फुटलेल्या हॉर्नच्या नळीपायी खंबाटकी घाट उतरताना अर्धे ब्रेक जातात. २३ वरून हवा चोरली असेल तर दाब उतरला की स्प्रिंग ब्रेक चाकं धरायला लागतात, लायनर जळतात.

शोधताना आधी चाकांना ठोकळे लावा. सस्पेन्शन हवेच्या बलूनचं असेल तर चॅसीखाली स्टँड दिल्याशिवाय कुणी आत शिरू नये. हवा गेली की गाडी खाली बसते. मग टाक्यांत ८ बार दाबाची हवा भरून इंजिन बंद करा आणि एकच टाकी ड्रेन करा. बाकीच्या थोड्या उतरून थांबतील. आता हॉर्न, पायरी, सीट चालवून बघा. जे मेलं ते त्या टाकीवर आहे. टाकीगणिक हेच करा, दर वेळी परत ८ बार भरून. काटा विश्वासाचा नसेल तर टेस्ट पॉइंटला, एम १६ बाय १.५ आट्याचा, आपला गेज लावा. उरलेल्या अनोळखी नळ्यांसाठी सगळ्या टाक्या पूर्ण रिकाम्या करा, नळीचं एक टोक मोकळं करा, त्यात रेग्युलेटरवरून जेमतेम २ बार हवा सोडा आणि दुसरीकडे फुस्स कुठे होतं ते ऐका. सापडली की लगेच दोन्ही टोकांना टॅग.

सगळ्यात घातक बारीक ६ मिलीमीटरची नळी, पाण्याच्या टाकीकडे जाणारी. नळाला प्रेशर यावं म्हणून कुणीतरी ब्रेकची हवा टाकीत सोडलेली असते. तिला नॉन-रिटर्न (एकाच दिशेने जाऊ देणारा) व्हॉल्व्ह नसेल, तर हवा उतरल्यावर पाणी उलटं ब्रेकच्या लाइनीत येतं. शिवाय कॉम्प्रेसरचं तेल आंघोळीच्या पाण्यात. ही लाइन आम्ही ठेवतच नाही. १२ व्होल्टचा पंप बसवा.

बंद करायची लाइन नळी दुमडून तार बांधून बंद होत नाही. टाकीच्या बाजूचा टी काढून तिथे प्लग मारा. नळी हॅक्सॉने कापू नका, तोंड तिरकं होतं आणि कीस व्हॉल्व्हमध्ये जातो; कटर नाना पेठेत मिळतो, घेऊन ठेवा. ब्रेकला नायलॉनचीच नळी.

आमच्याकडे गाडी आणण्याआधी हवेच्या टाक्यांत साठलेलं पाणी काढू नका. ड्रेनमधून तेल किती, पाणी किती निघतं, ते आम्हाला स्वतः बघायचं असतं.