डोळा लागला होता

मंगळवार, रात्रीचे सव्वादहा

सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी माझ्या हाताखालच्या नव्या सहकाऱ्याचा निरोप आला: “मॅडम, उत्तराला उशीर झाला, क्षमस्व. रात्री डोळा लागला होता. बेरीज तपासली आहे.” दिवसभर तो निरोप माझ्या मनातून जायला तयार नाही. बेरजेचे पुढे काय झाले ते लिहीनच, पण सलते आहे ते मधले वाक्य. रात्री पावणेबाराला एका माणसाला झोप लागली होती, आणि त्याबद्दल त्याने माझी क्षमा मागितली.

मी त्याला लिहिले होते ११ वाजून ४७ मिनिटांनी. “अहवालातल्या तिसऱ्या तक्त्याची बेरीज एकदा पाहून घे. घाई नाही.” दिवा मालवलेला होता, मी अंथरुणावर आडवी झाले होते, आणि एकाएकी त्या तक्त्यातला शेवटचा आकडा डोळ्यांपुढे आला. तो चुकला असावा असे वाटले. उशाशी मोबाइल होताच. मला त्या क्षणी उत्तर नको होते; खरे सांगायचे तर मला त्याची आठवणसुद्धा झाली नव्हती, आठवला होता तो फक्त तक्ता. सकाळपर्यंत ही शंका डोक्यातून निसटून जाईल अशी धास्ती वाटली, म्हणून ती मी त्याच्याकडे पाठवून दिली, मोबाइल उपडा ठेवला आणि पाच मिनिटांत झोपले. इतकी गाढ झोप मला कित्येक दिवसांत लागली नव्हती.

आता कळते आहे की ती झोप का लागली. अर्धवट राहिलेले काम मनाला टोचत राहते हे मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ मध्येच मांडले होते. त्यांचे प्रयोग पुन्हा करून पाहणाऱ्या सर्वांना तोच निष्कर्ष मिळाला नाही, पण टोचणी खरी आहे हे मला कोणी प्रयोगाने पटवून द्यायला नको. ती मी माझ्या उशाशी ठेवण्याऐवजी त्याच्या उशाशी नेऊन ठेवली, आणि ठेवताना मला अंगठा हलवण्यापलीकडे काहीही करावे लागले नाही. त्याच्या दारापर्यंत चालत जाऊन, कडी वाजवून, त्याला उठवून हे सांगायचे असते, तर मी गेले असते का?

पण सकाळी निरोप वाचल्यावर मला आधी हे काहीच सुचले नव्हते. आधी आला तो वैताग. माझ्या झोपेची चौकशी कोण करते, असे मनात आले. वरून येणारे निरोप काय घड्याळ पाहून येतात? गेल्या रविवारी भर दुपारी आलेल्या तीन ईमेलना मी उभ्या उभ्या उत्तरे दिली, दादा समोर बसून काहीतरी मनातले सांगत होता, आणि मध्येच थांबून तो म्हणाला, “तू आटप, मग बोलू.” मग बोलणे झालेच नाही. उजवा खांदा तर महिन्यापासून दुखतो आहे. डोळ्यांत खडे असल्यासारखे वाटते म्हणून डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनी सांगितले की पडद्याकडे पाहताना माणसाची पापणी नेहमीपेक्षा बरीच कमी लवते, म्हणून डोळा कोरडा पडतो. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद तरी दूरवर पाहात जा. पापणी लवायचे विसरण्याइतकी मी कामात बुडालेली, आणि त्यात आता हा माझी क्षमा मागतो, म्हणजे अपराधीही मीच ठरायचे? असा सगळा विचार दात घासून होईपर्यंत चालला होता. तो इथे लिहून ठेवते, कारण तोही खरा होता.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी एक काम केले, जे केले नसते तर आज ही पाने लिहिली नसती. त्याला पाठवलेले गेल्या महिन्याभरातले सगळे निरोप मागे जाऊन वाचले. रात्री नऊनंतरचे मोजले तर एकतीस भरले. त्यांतले खरोखर त्या रात्रीच कळायला हवेत असे पाच होते. उरलेल्या सव्विसांपैकी बहुतेकांच्या शेवटी मी न चुकता “घाई नाही” असे लिहिले होते. आणि त्याची उत्तरे? दोन मिनिटांत, चार मिनिटांत, एकदा तर त्याच मिनिटात. सकाळी उत्तर आले होते असे दोनच निरोप सापडले, आणि दोन्हींची सुरुवात “क्षमस्व” अशी होती. म्हणजे आजचे क्षमस्व पहिले नव्हते. आधीची दोन मी वाचली होती आणि मला काहीही वाटले नव्हते.

“घाई नाही” या दोन शब्दांपाशी मी आज बराच वेळ थांबले. २०२१ मध्ये दोन संशोधिकांनी प्रसिद्ध केलेला एक अभ्यास मला ठाऊक होता. कामाच्या वेळेबाहेर तातडीचा नसलेला ईमेल आला, तर पाठवणाऱ्याला जितक्या लवकर उत्तर हवे असते त्यापेक्षा खूप लवकर हवे आहे, असे तो वाचणारा धरून चालतो, असे त्यांना दिसले. पाठवणाऱ्याने लगेच उत्तर नको असे स्पष्ट लिहिले तर हा गैरसमज कमी होतो, हेही त्यांनी नोंदवले आहे. त्या भरवशावर मी निर्धास्त होते. मग इथे का चुकले? मागच्या निरोपांतच उत्तर होते. रात्री “घाई नाही” म्हणून लिहिलेल्या कामाबद्दल मी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ-सव्वानऊला “झाले का?” असे विचारले आहे, एकदा नव्हे, निदान आठ-नऊ वेळा. तो माझे शब्द वाचत नाही, माझी सवय वाचतो. नव्या माणसाने जे शिकायला हवे तेच तो शिकला, आणि शिकवणारी मी होते.

यावर मी पुन:पुन्हा येते आहे हे मला दिसते. दुसऱ्या गोष्टीकडे वळायला हवे. हे तक्ते मला रात्रीच का आठवतात?

आज सकाळी दहा ते अकरा या तासात मी एका कोऱ्या कागदावर, हातातले लिखाण सोडून दुसरीकडे वळले की एक रेघ मारत गेले. रेघा चौदा झाल्या. त्यांतल्या पाच वेळा कोणीतरी बोलावले होते किंवा नोटिफिकेशन वाजले होते. उरलेल्या नऊ वेळा कोणीही हाक मारलेली नव्हती. मीच उठून ईमेल पाहिले, मीच मोबाइल उचलला, एकदा तर उचलला आणि कशासाठी उचलला ते न आठवून तसाच ठेवला. ग्लोरिया मार्क या संशोधिका माणसांचे पडद्यावरचे लक्ष गेली कित्येक वर्षे मोजत आहेत. २००४ च्या सुमारास माणूस एका पडद्यावर सरासरी अडीच मिनिटे टिकत असे. अलीकडच्या वर्षांत ते सरासरी ४७ सेकंदांवर आले आहे. आपल्या कामात इतर लोक जितका खंड पाडतात, जवळजवळ तितकाच आपणही पाडतो, असेही त्यांच्या अभ्यासांत दिसले आहे. मी हे वाचले तेव्हा मान डोलावली होती आणि दुसऱ्यांविषयी वाचतो तसे वाचले होते. आज माझ्याच कागदावर चौदांपैकी नऊ रेघा माझ्या निघाल्या.

मग दिवस असा चिंध्यांचा होतो. ज्या कामाला सलग दीड तास हवा, ते कोणत्याच चिंधीत मावत नाही, म्हणून ते संध्याकाळवर जाते, संध्याकाळवरून रात्रीवर, आणि रात्री शिणलेल्या डोक्याने मी ते हातात घेते. दिवसभर निरोपांना तत्परतेने उत्तरे देणारी म्हणून माझे नाव आहे. त्या नावाची मला फार काळजी होती, अजूनही आहे.

आता बेरीज. ती बरोबर होती. अकरा सत्तेचाळीसला मला जी चूक वाटली ती चूक नव्हतीच. झोपण्यापूर्वी मी शेवटचा उघडला तो अहवालाचा आधीचा मसुदा होता, दुरुस्त प्रत नव्हे, आणि त्यातला जुना आकडा माझ्या डोळ्यांपुढे राहिला होता. त्याने मात्र बत्तीस पानांच्या अहवालातून तक्ता काढून प्रत्येक रक्कम मूळ नोंदींशी ताडून पाहिली. त्याला पाऊण तास तरी लागला असेल, म्हणजे तो साडेपाचच्या सुमारास उठून बसला होता. “बरोबर आहे” असेही त्याने लिहिले नव्हते, नुसते “तपासली आहे” इतकेच. मी विचारले तेव्हा, मला वाईट वाटू नये अशा बेताने, तो म्हणाला, “आधीच्या प्रतीत तसं होतं, मॅडम.”

पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायकांच्या तासांच्या आणि उत्पादनाच्या नोंदी ठेवल्या गेल्या होत्या. जॉन पेनकावेल या अर्थतज्ज्ञाने त्या पुन्हा तपासून २०१४ मध्ये दाखवले की आठवड्याला सुमारे पन्नास तासांच्या पुढे प्रत्येक जादा तासाचे फळ घटत जाते, आणि सत्तर तास राबून होणारे काम छप्पन तासांतल्या कामापेक्षा फारसे जास्त नसते. ते चौदा तास कुठे जातात, हा प्रश्न मला तेव्हा पडला होता. माझे कालचे तर कुठे गेले ते डोळ्यांसमोर आहे. दिवसाच्या अकराव्या-बाराव्या तासाला मी चुकीची प्रत उघडली, नसलेली चूक शोधली, आणि ती दुसऱ्याच्या पहाटेला लावून दिली. यालाच मी कालपर्यंत जादा वेळ काम केले असे म्हटले असते.

तो समोर आल्यावर मी म्हणाले, “रात्री माझा निरोप आला तरी सकाळी कामावर येईपर्यंत बघायचा नाही.” तो म्हणाला, “हो मॅडम.” आणि कुठलेही काम सांगितल्यावर करतो तसे त्याने ते वहीत टिपून घेतले. ती वही बंद होताना मला कसेसेच झाले. मी काय केले होते? लिहिणार मी, आणि न बघण्याची जबाबदारी त्याच्या माथी. आता रात्री निरोप वाजला की त्याला तो न पाहण्याचेही काम. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून, पन्नास किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांनी कामाच्या वेळेबाहेर संपर्कातून मोकळे राहण्याच्या हक्काविषयी कामगारांशी वाटाघाट करावी, असा कायदा आहे. मला तो मनापासून चांगला वाटतो आणि इतरत्रही तो यावा असे वाटते. पण माझ्या अंगठ्याला कायद्याची वाट पाहण्याचे कारण नव्हते. मी त्याला पुन्हा बोलावले आणि म्हणाले, “ते खोड. मी लिहिणार नाही.” त्याला हसावे की नाही ते कळेना. त्याने ते खोडले की नाही, मी पाहिले नाही.

संध्याकाळी निघताना एक छोटी वही घेऊन आले. मायकेल स्कलिन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ५७ तरुणांवर केलेला प्रयोग अगदी साधा होता. झोपण्यापूर्वी पाच मिनिटे निम्म्यांनी पुढच्या दिवसांत करायची कामे लिहायची, निम्म्यांनी पूर्ण झालेली कामे लिहायची. करायची कामे लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली, आणि जितके बारकाईने लिहावे तितकी लवकर. प्रयोगशाळेतल्या एका रात्रीचा हा प्रयोग आहे, त्यावर फार मोठे घर बांधू नये. पण मला त्यातले एक पटले की टोचणी उतरवायला समोर माणूसच लागतो असे नाही, कागदही पुरतो. सोफी लेरॉय या संशोधिकेनेही असेच काहीसे दाखवले आहे. एका कामातून दुसऱ्याकडे वळताना आपण कुठवर आलो आणि परतल्यावर आधी काय करायचे हे दोन ओळींत लिहिले, तर मागे अडकलेले मन पुढच्या कामासाठी बरेचसे मोकळे होते. आज दुपारनंतर मी तसे तीनदा केले. तिसऱ्यांदा परत आल्यावर मी थेट त्या वाक्यापाशी जाऊन बसले आणि चाळीस मिनिटे उठले नाही. एवढ्यासाठी इतकी वर्षे लागावीत याचे वाईट वाटते, आणि आज झाले याचे बरेही वाटते.

दादाला मघाशी विचारले की रविवारी काय सांगत होतास. म्हणाला, “आता आठवत नाही गं.” ते खरे असेल किंवा नसेल.

दहा वाजून पन्नास मिनिटे झाली आहेत. मोबाइल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावला आहे. वरून काही आले असेल तर ते सकाळी पाहीन. एखाद्या रात्री त्याचा जाबही द्यावा लागेल, तो मला द्यायला हवा. मघाशी हे लिहिता लिहिताच आठवले की चौदाव्या पानावरच्या तळटीपेत वर्ष घालायचे राहिले आहे. हात आपोआप उशाकडे गेला. मग वहीत लिहिले: पान १४, तळटीप, वर्ष तपासणे, सकाळी दहानंतर, मी स्वतः.

त्याचा मोबाइल मात्र आजही त्याच्या उशाशीच असेल. आज काही येणार नाही, हे त्याला अजून खरे वाटत नसेल.