तुम्ही विचारलंत म्हणून: त्या टोळ्या फुटल्या ना, मग आता कसली भीती?

दर दिवाळीच्या फोनवर कुणी ना कुणी विचारतंच. यंदा मावशीने विचारलं, "अगं, ते गोऱ्या वर्चस्ववाल्यांचे गट आपापसात भांडून फुटले म्हणे, मग तू अजून कशाला घाबरतेस?" मी "हो ना" म्हणून विषय बदलते. आज लिहूनच टाकते, म्हणजे परत विचारायला नको.

फुटले हे खरंय, आणि मला त्याचा आनंदही झाला होता, खोटं कशाला बोलू. अमेरिकेच्या आयडाहो राज्यात हेडन लेकजवळ रिचर्ड बटलरच्या आर्यन नेशन्स या गटाचा वीसेक एकरांचा अड्डा होता. 1998 मध्ये तिथल्या पहारेकऱ्यांनी रस्त्याने जाणाऱ्या एका मायलेकाच्या गाडीचा पाठलाग करून गोळ्या झाडल्या. 2000 साली ज्युरीने 63 लाख डॉलरची भरपाई लावली, संघटनेचं दिवाळं वाजलं, जागा गेली, 2004 मध्ये बटलरही गेला आणि मागे राहिलेले 'खरा वारस मीच' म्हणत भांडत बसले, वाडा पडल्यावर भावकी भांडते तसे. 2018 मध्ये तर ट्रॅडिशनलिस्ट वर्कर पार्टी नावाच्या गटाच्या म्होरक्याचं स्वतःच्या बायकोच्या सावत्र बापाच्या बायकोशी लफडं निघालं, मारामारी झाली, पोलीस आले, आणि पार्टी बसली. मी हसले होते. मोठ्याने हसले होते.

पण हे सगळं मी वाचायला लागले त्याचं कारण 2012.

5 ऑगस्ट, रविवार. आम्ही मिलवॉकीजवळ ब्रुकफील्डला राहायचो. सकाळी टीव्हीवर ओक क्रीकचा गुरुद्वारा दिसायला लागला, घरापासून अर्ध्या तासावरचा. तिथे एकाने गोळ्या झाडल्या होत्या. सहा जण गेले. (सातवे, बाबा पंजाब सिंग, लकव्याने अंथरुणाला खिळले आणि 2020 मध्ये गेले, त्यांना बरेच जण मोजत नाहीत.) माझ्या मनात पहिलं काय आलं माहितीये? आपण शीख नाही. दिवसभर फोनवर मी तेच सांगत होते, आईला, सासूबाईंना, "आपण शीख नाही हो, आपल्याला काही नाही." आणि रात्री नवऱ्याला म्हटलं, दाढी काढ.

कॉलेजपासूनची दाढी त्याची. वाद घालेल असं वाटलं होतं, पण नाही घातला. आधी ट्रिमर, मग रेझर. बेसिनमध्ये केसांचा काळा पुंजका. चार वर्षांची लेक दारात येऊन उभी राहिली आणि बाबाला बघून रडायलाच लागली, जवळ जाईना. मी टिश्यूने ते केस गोळा केले आणि कुणाला सापडू नयेत असे टॉयलेटमध्ये फ्लश केले. का ते मला आजही सांगता येत नाही.

शुक्रवारी हायस्कूलच्या जिममध्ये अंत्यदर्शन होतं. सहा शवपेट्या, आणि ही एवढी रांग. डोकं झाकायचं म्हणून एका वयस्कर सरदारजींनी नवऱ्याला रुमाल दिला, त्याला गाठ जमेना तर त्यांनीच बांधून दिली. त्यांची पांढरी दाढी आणि याचा गुळगुळीत गाल, रेझरने कापलेला, एकमेकांपासून वीतभर अंतरावर. मी बुटांकडे बघत राहिले.

तेव्हाची मी अजून माझ्याशी भांडते. म्हणते, घरात चार वर्षांची पोर होती, काय करायला हवं होतं मी? मला उत्तर देता येत नाही.

मारणारा वेड मायकल पेज, माजी सैनिक, गोऱ्या वर्चस्वाची गाणी म्हणणाऱ्या बँडमधला, हॅमरस्किन्स या डोकं भादरलेल्या वर्णद्वेष्ट्यांच्या (स्किनहेड) टोळीशी जोडलेला. एफबीआयने चौकशी करून सांगितलं की त्याने हे एकट्याने केलं, कुठल्या संघटनेने सांगितल्याचा पुरावा नाही. सगळ्यांना हायसं वाटलं. मला नाही वाटलं, कारण कु क्लक्स क्लॅन या जुन्या वर्णद्वेष्ट्या संघटनेतल्या लुई बीमने कित्येक वर्षं आधी हेच लिहून ठेवलं होतं, वरून हुकूम नको, प्रत्येकाने आपापलं करायचं, म्हणजे एक पकडला तरी बाकीचे सापडत नाहीत. आर्यन नेशन्सची जागा तरी होती जप्त करायला. एकट्या माणसाकडून काय जप्त करणार, गिटार?

आणि फुटण्याचंच बोलायचं तर 2017 चं शार्लट्सव्हिल घ्या, गोऱ्या वर्चस्ववाल्यांचा तिथला मेळावा. ज्याने विरोध करणाऱ्यांच्या गर्दीत गाडी घालून हेदर हायर या बाईला मारलं तो त्याच सकाळी वँगार्ड अमेरिका या गटाची ढाल धरून उभा असलेला फोटोत दिसतो. गट म्हणाला तो आमचा नाहीच. काही आठवड्यांत थॉमस रूसो नावाचा टेक्ससचा पोरगा त्यातली माणसं घेऊन बाहेर पडला आणि पेट्रियट फ्रंट काढला. नाव नवं, झेंडा नवा. जून 2022 मध्ये त्याच पेट्रियट फ्रंटचे 31 जण, रूसोसकट, प्राइडच्या (समलिंगींच्या) कार्यक्रमाजवळ भाड्याच्या ट्रकमध्ये कोंबलेले पकडले गेले, आयडाहोतल्याच कोर दलेनमध्ये. हेडन लेकहून गाडीने पंधरा-वीस मिनिटं. बटलरचा खटला चालला ते गाव.

नवरा म्हणतो, 31 पोरं एका ट्रकात, त्यात घाबरण्यासारखं काय आहे, तू उगाच नकाशे उघडून बसतेस. असेलही. मावशी, तुझंही बरोबर असेल.

दाढी त्याने परत वाढवली नाही. दोनतीनदा मीच म्हटलं, आता ठेव की. "राहू दे, सवय झाली," म्हणतो. परवा सामानाच्या यादीत त्याच्या अक्षरात शेव्हिंग जेल होतं. मी आणलं, मोठा डबा, दोनाचं पॅक.