पश्चिमेच्या अंगाचा व्हिऑन्ये

व्हिऑन्ये या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाची तोडणी आम्ही उजाडायच्या आत सुरू करतो. ऊन चढलं की माल तापतो. दिंडोरीकडच्या त्या प्लॉटवर साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर 23 ब्रिक्स दाखवत होता, म्हणजे ऑफिसच्या लेखी विषय संपला होता. पण ही जात साखरेवर ओळखू येत नाही. साखर आधी भरते, वास मागून येतो, आणि तोवर आम्लता ढासळायला लागलेली असते. फ्रान्सच्या ऱ्होन खोऱ्यात, तिच्या माहेरी, 1960च्या दशकात ती कशीबशी तगून होती. का, ते तोडणीची तारीख ठरवताना दरवर्षी कळतं.

मणी चाखायचा तर गर आधी बाजूला करायचा. साल दाढेखाली चावायची, वास तिथे. बी तपकिरी हवी, चावल्यावर कुटकन फुटायला हवी. तरीही बागेत जर्दाळूची नुसती चाहूल लागते. बराचसा वास साखरेशी बांधलेला असतो, तो आंबवण सुरू झाल्यावर सुटतो. त्यातलं लिनलूल हे वासाचं द्रव्य आपल्या धन्या-कोथिंबिरीतही असतं.

बागवाले तात्या माळकरी. वाइनचा थेंब कधी घेतलेला नाही. त्यांनी एकाच वेलीचे दोन मणी हातावर ठेवले, एक पूर्वेच्या अंगाचा, एक पश्चिमेच्या. "मॅडम, हा शेवटाला कडू होतो बघा." मला तो कडवटपणा साल थुंकल्यावर, अंमळ उशिराच लागला. पश्चिमेच्या घडांवर उन्हाचे तांबूस चट्टे होते. सल्लागाराने दोन्ही अंगांची पानं काढायला लावली होती. त्याच्या देशात चालत असेल. इथलं दुपारचं ऊन त्याने गाडीच्या काचेतून पाहिलंय.

मी दोन्ही अंगांचा माल वेगळ्या क्रेटमध्ये भरायला लावला. मजूर कुरकुरले, एकाच ओळीतून दोनदा जायचं म्हणून. मॅनेजर फोनवर म्हणाले, "एका प्लॉटला दोन टाक्या?" त्यांना टाक्या मोजता येतात, वाइन चाखायला बोलावलं की मीटिंग असते. पश्चिमेचा माल प्रेसमध्ये हलक्या दाबावरच थांबवला. रस कमी निघाला, त्याचंही ऐकून घेतलं.

आता दोन्ही वाइन तयार आहेत आणि घोळ तिथेच आहे. पूर्वेची स्वच्छ, पण बुजरी. पश्चिमेच्या ग्लासातून जर्दाळू आणि संत्र्याची फुलं नाकात शिरतात. उन्हाने वास वाढवलाच होता. घोट गिळला की मात्र जिभेच्या मुळाशी कडू रेघ राहते. टेस्टिंग रूममधले पर्यटक वासावर बाटली उचलतात, त्यांना ती रेघ कळणारही नाही. पूर्वेच्या टाकीत थोडी पश्चिमेची मिसळून पाहतेय. दहा टक्क्यांना वास पुरत नाही, वीसला कडवटपणा डोकं वर काढतो.

तात्यांना दोन्ही ग्लास नुसते हुंगायला दिले. त्यांनी पश्चिमेचा उचलला, पुन्हा हुंगला आणि म्हणाले, "तरी पुढच्या साली त्या अंगाची पानं मी काढायचो नाही." मला निम्मी तरी काढायला हवीत असं वाटतं. गोडी छाटणीआधी, म्हणजे फळासाठीच्या छाटणीआधी, यावर त्यांच्याशी भांडायचंय. ऑफिसला अजून काहीच कळवलेलं नाही.