दोन डब्यांमधली फट

बाबांना निवृत्त होऊन १२ वर्षं झाली. ३१ वर्षं त्यांनी रेल्वेत कॅरेज फिटर म्हणून काढली, म्हणजे डब्याच्या आत कमी आणि डब्याखाली जास्त. डेक्कन क्वीनला २२ जून २०२२ पासून नवे एलएचबी, म्हणजे जर्मन आराखड्यावरचे डबे लागले, पण त्यानंतर बाबांचा तिच्यातून प्रवास झालाच नव्हता. जुलैत आत्याकडे मुंबईला गेलो होतो. परतीची तिकिटं मी मुद्दाम सीएसएमटीपासून काढली. गाडी फलाटाला लागलेली असताना त्यांना निवांत बघता यावी म्हणून.

आणि झालंही तसंच. मी पिशव्या घेऊन डब्यात चढले, बाबा खालीच. आधी त्यांनी डब्याच्या टोकाला रंगवलेल्या तारखा वाचल्या. ओव्हरहॉलिंग कधी झालं आणि डबा परत कारखान्यात कधी जायचाय, त्या. मग चष्मा नीट बसवून दोन डब्यांमधल्या फटीत वाकले आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

"बफर नाहीत," ते म्हणाले.

जुन्या निळ्या डब्याच्या दोन्ही टोकांना दोन-दोन जाड बफर, म्हणजे धक्का झेलणारे दट्टे, असायचे आणि मधोमध हूक. डबे जोडायचे तर माणसाने त्या बफरांखालून वाकून आत शिरायचं, लोखंडाची जड कडी उचलून समोरच्या हुकात टाकायची आणि स्क्रू फिरवून घट्ट आवळायची. पावसात, रात्री, हातातल्या दिव्याच्या उजेडात. बाबांच्या एका सोबत्याचा हात तिथे सापडला होता. मी तेव्हा चौथीत होते. त्या रात्री बाबा जेवले नाहीत, एवढंच मला आठवतं.

एलएचबीला त्या जागी सीबीसी, म्हणजे बफरचंही काम करणारा मधला एकच कपलर असतो. दोन मुठी एकमेकींत अडकाव्यात तसे दोन डब्यांचे जबडे टेकले की आपोआप अडकतात. माणसाला आत जावं लागतं ते ब्रेकचे पाइप जोडायला. प्रवाशाच्या दृष्टीने त्याचा मोठा उपयोग अपघातात आहे. स्क्रू कपलिंगचे डबे घसरले की सुटे होऊन एकमेकांवर चढायचे, एक डबा दुसऱ्याच्या पोटात घुसायचा. सीबीसीची पकड डब्याला वर चढू देत नाही. डबे रुळांवरून उतरले तरी बहुधा एकमेकांना धरून राहतात.

५ वाजून १० मिनिटांनी गाडी सुटली. एलएचबीला सुटताना धक्का बसतो, ही तक्रार रात्रीच्या गाड्यांमधून मीही केलेली आहे. कपलरमधल्या ढिलाईमुळे तो बसतो आणि पुढे सुधारलेले ड्राफ्ट गिअर, म्हणजे कपलरमागचे धक्का शोषणारे भाग, आल्यावर कमी झाला, असं बाबांनी सांगितलं. आज तर अलगद निघालो.

दादर गेलं की माटुंग्याचं वर्कशॉप येतं. बाबा खिडकीशी सरकले. १९३० साली डेक्कन क्वीन सुरू झाली तेव्हा तिच्या डब्यांचे सांगाडे इंग्लंडहून आले होते, पण वरचे डबे इथे माटुंग्यात बांधले होते. सात डब्यांची गाडी. १९६६ मध्ये चेन्नईतल्या पेरांबूरच्या कारखान्याचे पोलादी डबे आले. मी त्या जुन्या डब्यांना नावं ठेवायला लागले तर बाबांना ते आवडलं नाही. "अगं, लाकडी डब्यांपुढे तो म्हणजे चिलखत होता," ते म्हणाले. खरंच आहे. स्विस आराखड्यावरचा तो डबा पेरांबूरला १९५५ पासून २०१८ पर्यंत बनत होता. दोन-तीन पिढ्या त्याच्यातून सुखरूप घरी पोचल्या.

कल्याण सोडल्यावर आम्ही डायनिंग कारमध्ये गेलो. चीज टोस्ट, ऑम्लेट आणि चहा. चहा येताच बाबांनी कप टेबलाच्या मधोमध ठेवला आणि हात मागे घेतला. सांध्यावरून, वळणावरून गाडी चालली होती. चहावर बारीक वर्तुळं उठत होती, पण काठापर्यंत एकदाही आला नाही. "बोगी चांगली आहे," बाबा म्हणाले. आपण सगळे डब्यालाच बोगी म्हणतो, पण रेल्वेच्या माणसाची बोगी म्हणजे डब्याखालची चाकांची गाडी. एलएचबीची बोगी फियाटच्या आराखड्यावरची आहे. तिच्यात स्प्रिंगांच्या जोडीला डब्याचं हेलकावणं शोषणारे डॅम्पर आहेत. हा डबा जुन्यापेक्षा दोन मीटरहून अधिक लांब आहे, तरी झोकांड्या कमी.

कर्जतला घाटात मागून ढकलणारी बँकर इंजिनं लागली. १ ला ३७ चा चढ, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. पळसधरी मागे पडलं तेव्हा पाऊस आडवा येत होता, खिडक्या अर्ध्या लावल्या तरी बाह्या भिजल्या. बाबा मात्र उतरणीबद्दल बोलत होते. जुन्या डब्यात ब्रेकचा ठोकळा थेट चाकावर दाबला जायचा. पुण्याहून येताना घाट उतरून गाडी थांबली की चाकं तापलेली आणि डब्याखाली जळका वास. आता आसावर वेगळ्या डिस्क आहेत, मोटारीसारख्या, आणि चाक घसरायला लागलं तर ब्रेक क्षणभर सैल करणारी यंत्रणाही आहे.

खंडाळा यायच्या आधी बाबा संडासला जाऊन आले आणि म्हणाले, "स्वच्छ आहे."

ह्या एका शब्दामागे काय आहे ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. पूर्वी संडासाची नळी थेट रुळांवर उघडायची आणि ती घाण डब्याच्या पोटाला, बोगीला, ब्रेकच्या दांड्यांना लागलेली असायची. फिटर काम करायचे ते त्याच्याखाली, उताणे झोपून. बाबा घरी आले की आधी मागच्या अंगणात नळाखाली बसायचे. आंघोळ होईपर्यंत आम्हाला जवळ येऊ द्यायचे नाहीत. कपडे स्वतः धुवायचे, आईला हात लावू द्यायचे नाहीत. बायो-टॉयलेटच्या टाकीत आता जिवाणू त्या मैल्याचं पाणी आणि वायू करतात. प्रवासी वासाबद्दल बोलतात. मला मात्र तो अंगणातला नळ आठवतो.

म्हणूनच गेल्या दिवाळीत फार चिडले होते. एका रात्रीच्या गाडीत मध्यरात्रीपर्यंत आमच्या डब्यातले दोन संडास तुंबले, पाणीही संपलं. सफाईच्या मुलाने हातमोजे घालून आत हात घातला आणि पाण्याची बाटली बाहेर काढली. दुसऱ्यातून लहान बाळाचं डायपर. पाणी का भरलं गेलं नाही, याचा जाब रेल्वेला विचारायलाच हवा आणि मी तक्रार केलीही. पण ती बाटली आपल्यापैकीच कुणीतरी टाकली होती, आणि ती काढायला त्या मुलाला हात घालावा लागला.

लोणावळ्याला बँकर सुटले. मी बालासोरचा विषय काढला. २ जून २०२३ ची कोरोमंडल एलएचबीच होती, तरी त्या अपघातात २९० च्या वर माणसं गेली. बाबा थोडा वेळ गप्प होते. "सिग्नलने गाडी उभ्या मालगाडीवर घातली," ते म्हणाले. "तिथे डबा किती सोसणार? डबा शेवटचा असतो. आधीचे सगळे चुकल्यावर त्याची पाळी येते."

पुण्याला साडेआठच्या सुमाराला उतरलो. माणसं जिन्याकडे पळाली आणि बाबा पुन्हा त्या फटीपाशी. बॅटरी घेतलेला एक तरुण कर्मचारी डब्याच्या कडेने येत होता. बाबांनी त्याला थांबवलं.

"कपलर अडकला की नाही ते तुम्ही खाली वाकून बघता ना? का आवाजावरून समजता?"

त्याने क्षणभर बाबांच्या हातांकडे पाहिलं. "वाकून बघतो काका. दर वेळी."

"बरं," बाबा म्हणाले आणि माझ्या हातातली जड पिशवी त्यांनी घेतली.